चोर मोकळा, मुलगी कोंडलेली

बचत गटाच्या बैठकीत एक आई उठून म्हणाली, "ताई, आमच्या पोरीचा मोबाइल मी दगडानं ठेचला. आता काही घोर नाही." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मला मात्र काही बोलवेना. त्या मुलीची सगळी हकीकत मला ठाऊक होती. मोबाइल फुटला म्हणून तिची सुटका झालेली नाही, हेही ठाऊक होतं.

हकीकत थोडक्यात सांगते. ओळख कळू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि काही तपशील बदलले आहेत. मुलगी दुष्काळी तालुक्यातली, नववीत शिकणारी. आईवडील ऊसतोडीला गेले की ती आजीजवळ राहायची. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाइलवर आला, म्हणून वडिलांनी उसनवारी करून फोन घेऊन दिला. पुढे शाळा सुरू झाल्या, पण फोन घरात राहिला. इन्स्टाग्रामवर एका मुलाची ओळख झाली. तो रोज विचारायचा, "जेवलीस का? आज उदास का?" असं तिला त्या घरात कुणी विचारत नव्हतं. तीन महिन्यांनी त्याने एक फोटो मागितला. फोटो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची भाषा बदलली. "पुण्याला ये, नाहीतर हा फोटो तुझ्या मामाला पाठवतो." मुलगी दप्तरात एक ड्रेस घालून एसटीत बसली. महिला कंडक्टरला शंका आली. शाळेच्या वेळात, शाळेच्या गणवेशात ही पोर एकटी कुठे निघाली? तिने चौकशी केली, पुढच्या स्टँडवर उतरवून घेतलं आणि घरी फोन लावला. म्हणून ती वाचली.

वाचली असं आपण म्हणतो. पुढे काय झालं ते ऐका. तक्रार द्यायला गेलो, तर एका ठाण्याने सांगितलं, ही आमची हद्द नाही. दुसऱ्याने सांगितलं, मुलगी घरी आली ना, मग आता बोभाटा कशाला? घरच्यांनाही तेच हवं होतं. शाळा सुटली आणि सोळावं लागायच्या आत स्थळं बघायला सुरुवात झाली. ज्याने जाळं टाकलं तो मात्र कुठल्या तरी दुसऱ्या नावाने दुसऱ्या मुलीला "जेवलीस का?" असं विचारत असणार. मुलीने मला एकच प्रश्न केला, "ताई, फसवलं त्यानं, मग शाळा माझी का सुटली?"

या लेखात मला त्या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे. सातारा-सांगलीत आज मुलींच्या सुरक्षिततेवर भाषणं भरपूर होतात. शाळाशाळांतून कार्यक्रम होतात, पत्रकं वाटली जातात. पण त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच असतो: मुलींनो, सावध राहा. सावध राहण्याची सगळी जबाबदारी चौदा वर्षांच्या पोरीवर टाकून आपण मोठी माणसं मोकळी होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तो हा प्रकार.

मुलींना फूस लावून नेणं आपल्या भागाला नवीन नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलींची वाट कित्येक वर्षं सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांकडे जात होती. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली केला, महाराष्ट्राने २००५ साली नवा कायदा आणला. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, तेव्हा बायांनी स्वतः उभं राहून आपली गाऱ्हाणी मांडली. त्या चळवळीने आपल्याला एक गोष्ट शिकवली. मुलीला बाजारात नेणारा माणूस दरोडेखोरासारखा येत नाही. तो देवाचं नाव घेऊन येतो, लग्नाचं स्थळ घेऊन येतो, नोकरी घेऊन येतो. घरच्यांच्या नडीवर आणि मुलीच्या स्वप्नावर तो बोट ठेवतो.

फोटोचा धाकही नवीन नाही. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं, तेव्हा मोबाइलही नव्हते आणि इंटरनेटही नव्हतं. तरीही मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रं काढून, त्याच धाकाने पुन्हा पुन्हा बोलावलं जात होतं. किती मुली भरडल्या गेल्या याची चर्चा राज्यभर झाली. पण तक्रार द्यायला मोजक्याच पुढे आल्या आणि बरेच आरोपी पुढे न्यायालयातून सुटले. का आल्या नाहीत? कारण फोटो बाहेर आला तर अब्रू जाणार ती मुलीची, हे त्या नराधमांना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकंच मुलींनाही ठाऊक होतं. त्यांच्या हातातलं खरं हत्यार कॅमेरा नव्हता. मुलीची लाज हे त्यांचं हत्यार होतं, आणि ते हत्यार आपल्या समाजाने त्यांना फुकट पुरवलं होतं.

मग आज बदललं काय? पूर्वी दलालाला गावात यावं लागे. पारावर, चहाच्या टपरीवर, नळावर त्याला कुणीतरी बघे. "हा कोण पाहुणा?" असं कुणीतरी विचारी. आता तो गावात येतच नाही. तो मुलीच्या तळहातावर बसलेला असतो, रात्री अकरा वाजता गोधडीखाली तिच्याशी बोलत असतो, आणि त्याचं नाव, वय, फोटो, गाव यातलं काहीच खरं असेल असं नाही. एका वेळी तो वीस मुलींशी बोलू शकतो. वीसपैकी एक निघाली तरी त्याचं काम झालं.

त्याची पद्धत आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती जवळपास ठरलेली असते. आधी तो मुलीच्या खात्यावर काय आहे ते बघतो. कुणाशी भांडण झालं, कोण घरात मारतं, कुणाला नाचायची आवड आहे, कुणाला नोकरी हवी आहे, हे मुली स्वतःच लिहून ठेवतात. मग कौतुक करतो. मग गुपित तयार करतो, "हे आपल्या दोघांतच." मग तिला मैत्रिणींपासून, आईपासून तोडतो, "त्यांना तुझी किंमत नाही." मग मोबाइलचं रिचार्ज, एखादी भेटवस्तू. मग फोटो. आणि मग धमकी. कुठे धमकीऐवजी लग्नाचं वचन असतं, कुठे मालिकेत काम, कुठे शहरातल्या कंपनीत नोकरी. शेवटी येतं ते एकच, "एकटी ये आणि कुणाला सांगू नकोस." गुपित हा या सगळ्याचा कणा आहे. आणि मुलीला आईला सांगायची भीती वाटते, तोवर हा कणा मोडत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत या माणसांचं काम सोपं का होतं, याचाही विचार करू. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतून वर्षातले कित्येक महिने आईबाप घराबाहेर असतात. मागे राहिलेली मुलगी धाकट्या भावंडांची आई होते. तिचं ऐकायला घरात कुणी नसतं. दुसरीकडे कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात पैसा आहे, पण मुली नकोशा आहेत. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. २०११ साली आकडे थोडे वर आले, सांगली ८६७ आणि सातारा ८९५. त्याच २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेने 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली. आणि २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

याचा फसवणुकीशी काय संबंध, असं काही जणी विचारतील. संबंध अगदी सरळ आहे. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत, त्या आज लग्नाच्या वयाच्या असत्या. गावागावांत तिशी उलटलेली मुलं बिनलग्नाची बसली आहेत. तिथे लग्न जुळवणारे एजंट फिरतात. गरीब घरातली, परजिल्ह्यातली, परराज्यातली मुलगी पैसे देऊन आणली जाते. तिचं वय खरं किती, ती राजीखुशीने आली का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. म्हणजे आपल्या मुली बाहेर जातात एवढंच बघून चालणार नाही, आपल्या गावात कुणाच्या मुली कशा येतात हेही बघितलं पाहिजे. नकोशी असणारी मुलगी आणि विकत घेतलेली मुलगी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

आता मोबाइलबद्दल. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ सालापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास सगळ्या घरांत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, माणसांनी एकमेकांशी बोलायचं. मला हा उपक्रम आवडला. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग असा, की नियम सगळ्यांना सारखा होता. बापाचाही फोन बंद. याउलट २०१९ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या बारा गावांनी ठराव केला, तो फक्त अविवाहित मुलींनी मोबाइल वापरू नये असा. दोन्हीत फोन बंद करणं आहे, पण पहिल्या गावाने मुलांना वेळ दिला आणि दुसऱ्या ठिकाणी मुलींवर पहारा बसवला.

पहारा बसवून मुलगी वाचत नाही. फोन काढून घेतला की ती मैत्रिणीच्या, चुलत भावाच्या फोनवरून बोलते, आणि आता तर काही घडलं तरी सांगणारच नाही, कारण सांगितलं की शिक्षा तिलाच, हे तिला कळून चुकलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्केच बायांनी कधी तरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१ टक्क्यांवर होतं. आधीच ज्ञानाच्या, नोकरीच्या, बँकेच्या या दारात आपल्या मुली मागे उभ्या आहेत. ते दारच लावून घेतलं तर फायदा कुणाचा? शाळा सोडवणं आणि लवकर लग्न लावणं हाही उपाय नाही. त्याच पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायांपैकी बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आगीतून काढून फुफाट्यात टाकायचं आणि त्याला संरक्षण म्हणायचं!

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मुली पळवल्या जातात या भीतीला हल्ली चटकन जातीधर्माचा रंग दिला जातो. अमुक जातीची, अमुक धर्माची मुलंच हे करतात, अशी हाकाटी होते. आमच्या कामात आम्हाला असं दिसत नाही. फसवणारा बहुतेक वेळा मुलीच्या ओळखीचा, नात्यातला, त्याच भाषेतला असतो, निदान तसं भासवतो. रंग देण्याने दोन नुकसानं होतात. खरा फसवणारा आपल्यातलाच असेल तर त्याच्याकडे लक्ष जात नाही. आणि सज्ञान मुलीने स्वतःच्या मनाने जोडीदार निवडला तरी तिला 'पळवलेली' ठरवून घरी डांबलं जातं. फसवून नेणं आणि स्वतःहून जाणं यातला फरक आपण चळवळीतल्या बायांनी विसरता कामा नये.

हाच फरक सांगलीतल्या धंदा करणाऱ्या बायांनी आपल्याला शिकवला आहे. नव्वदच्या दशकात 'संग्राम'च्या कामातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. अल्पवयीन मुलगी वस्तीत आणली जाऊ नये आणि सज्ञान बाईला 'सुटके'च्या नावाखाली फरफटत नेऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच तोंडाने सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान बायांना पोलिसांनी त्रास देऊ नये, असे निर्देश दिले. नवी आलेली मुलगी अठराच्या आतली आहे का, रडते आहे का, हे वस्तीतल्या बाईला पोलिसांच्या आधी कळतं. तिला आपण आपल्या कामात सोबतीण मानतो का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

कायदा आपल्या बाजूने पुष्कळ आहे, पण तो आपल्याला तोंडपाठ पाहिजे. अठराच्या आतली प्रत्येक मुलगी कायद्याने बालक आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात फोटोची धमकी देणं, फोनवरून सतत मागे लागणं हेही गुन्हे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमात मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधात ओढणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं १४३ वं कलम मानवी वाहतुकीचं आहे. त्यात एक वाक्य फार मोलाचं आहे: पीडितेची संमती होती की नव्हती, याने गुन्हा ठरवताना फरक पडत नाही. "ती स्वतःच गेली ना?" असं कुणी म्हणालं तर हे कलम पुढे ठेवा.

ठाण्यात "आमची हद्द नाही" म्हणाले तर 'झीरो एफआयआर'चा आग्रह धरा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय केली आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलं असं धरून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितलं आहे. "दोन दिवस वाट बघा, येईल परत" हे उत्तर बेकायदेशीर आहे आणि तेच दोन दिवस सगळ्यात मोलाचे असतात. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. तिचं नाव, शाळा, फोटो छापणं गुन्हा आहे. आपल्या संस्थेच्या अहवालात, व्हॉट्सअॅप गटावर टाकणंही त्यातच येतं, हे कार्यकर्त्यांनीही लक्षात ठेवावं.

मुलीने सांगितलं तर पहिल्या तासात काय करायचं? पहिलं म्हणजे तिला ओरडायचं नाही. "बरं झालं सांगितलंस" हे पहिलं वाक्य. दुसरं, फोनमधलं काही पुसायचं नाही. धमक्यांचे संदेश, खात्याचं नाव, नंबर हे स्क्रीनशॉट काढून ठेवायचं, तो पुरावा आहे. मात्र मुलीचा उघडा फोटो कुणालाही, पुरावा म्हणूनसुद्धा, पुढे पाठवायचा नाही. फोन तसाच पोलिसांना दाखवायचा. तिसरं, पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. चौथं, मदत मागायची. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, सायबर गुन्ह्यासाठी १९३०. १०९८ ची सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, आज ती सरकार चालवतं. पाचवं, अठराच्या आतल्या मुलीचा फोटो पसरू नये यासाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय २०२३ पासून आहे. तिच्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोटोची एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात. ही गोष्ट मुलींना कळली की त्यांच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी उतरते, हे मी पाहिलं आहे.

पॉक्सोखाली गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलगी विश्वासाने सांगते आणि आपण कळवलं की तिला विश्वासघात वाटतो. ही अडचण खरी आहे. म्हणून शिबिरात बोलायला सुरुवात करतानाच मुलींना सांगावं, की तुमच्या जिवाला धोका असेल तर मला पुढे कळवावं लागेल, पण प्रत्येक पायरीला मी तुमच्याबरोबर असेन. आणि मग खरंच बरोबर राहावं.

आपल्या गटांनी येत्या तीन महिन्यांत एवढं करावं असं मला वाटतं. गावातली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे की बसते, ते सरपंचांना विचारावं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह मागावं. एसटी स्टँड आणि मिरज, सातारा, कऱ्हाड स्थानकांवरचे कर्मचारी, हमाल, रिक्षावाले, फळविक्रेत्या बाया यांची एकत्र बैठक घ्यावी. आमच्या मुलीला वाचवलं ते एका कंडक्टर बाईच्या एका प्रश्नाने. शाळेत कार्यक्रम घ्याल तेव्हा मुलांनाही बसवा. फोटो मागणं, तो मित्रांत फिरवणं हा गुन्हा आहे, हे त्यांना कोण सांगणार? आणि बापांची एक वेगळी सभा घ्या. त्यांना एकच विचारा, "तुमच्या मुलीने उद्या चूक केली, तर ती तुमच्याकडे येईल का?"

आमच्या त्या मुलीच्या घरी आम्ही चौघीजणी सात वेळा गेलो. स्थळं बघणं थांबलं आहे. अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा होतो, हे ग्रामसेवकाने येऊन सांगितल्यावर वडील गप्प झाले. शाळेचा विषय अजून अडलेला आहे. आई म्हणते, लोक काय म्हणतील? लोक म्हणजे आपणच की! शेजारच्या चार घरांतल्या बाया उद्या तिच्या दारात जाऊन म्हणाल्या, "वहिनी, पोरीला शाळेत पाठवा, आमच्या पोरींबरोबर जाईल," तर तिच्या प्रश्नाचं उत्तर आपण दिलं असं होईल. तोवर तिच्यासमोर उभं राहायला मला संकोच वाटतो.